तू फक्त सही मार

२०२२ चा जुलै महिना. पाऊस धो धो कोसळत होता आणि मी आतल्या खोलीत मशीनवर एका ब्लाउजला बाही लावत होते. सोप्यावरून, म्हणजे पुढच्या ओसरीवरून, कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "वॉर्ड गेला!" आवाजच असा होता की वाड्यावर कुणी वारलं की काय म्हणून मी मशीन थांबवलं.

कुणी वारलं नव्हतं. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला होता.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली आमची पंचायत सात वॉर्डांची. माझा नवरा २०१७ च्या निवडणुकीत पंच, म्हणजे पंचायतीचा सदस्य, झाला होता. पंचायतीची मुदत संपली, प्रशासक आले, सरकारला निवडणूक पावसाळ्यानंतर घ्यायची होती; पण उच्च न्यायालयाने ४५ दिवसांत घ्या म्हणून सांगितलं. मग भर पावसात सगळी धावपळ सुरू झाली. आरक्षणाची यादी आली. सातांतले तीन वॉर्ड बायकांसाठी, त्यांत आमचा एक.

चहा घेऊन सोप्यावर गेले तोवर बोलणं पुढे सरकलं होतं. "वहिनीला उभी करूया, दुसरं काय," असं एकजण म्हणाला. माझ्याच हातातून कप घेताना म्हणाला, पण बघत होता नवऱ्याकडे. नवऱ्याने मान हलवली. मला कुणी विचारलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर नवरा म्हणाला, "तू घाबरू नको. तुला काही करावं लागणार नाही. तू फक्त सही मार, बाकीचं मी पाहतो." (घरात आम्ही कोंकणीच बोलतो. इथे मराठीत लिहिते, कारण लिहायचं म्हटलं की माझा हात मराठीतच चालतो.)

मी हो म्हटलं. पण तो समजला त्या कारणासाठी नाही. मला उभं राहायचंच होतं. दहा वर्षं मी बायकांचा स्वयंसहाय्य गट चालवत होते, बँकेत जात होते, गृहिणींना महिन्याला पैसे देणाऱ्या गृह आधार योजनेचे अर्ज भरून देत होते. वाड्यावरच्या कुठल्या घरात नळाला पाणी येत नाही आणि कुठल्या म्हातारीचे महिन्याचे पैसे अडकलेत, हे मला पंच असलेल्या नवऱ्याहून आधी कळायचं. "वॉर्ड गेला" हा शब्द मला लागला. कुणाकडून गेला? गोव्याच्या मतदारयादीत बायका पुरुषांहून जास्त आहेत. आमच्या वॉर्डातही तेच. आमचं होतं ते आमच्याकडे आलं, त्याला गेलं कसं म्हणायचं?

सहीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या सहीभोवती घडलं.

गोव्यात बायकोच्या सहीला मोठा मान आहे. आमच्याकडे अजून पोर्तुगीज काळातली दिवाणी संहिता चालते, १८६७ ची. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी त्याची अर्धी तिची. बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला वीतभर जमीन विकता येत नाही. माझं माहेर दोडामार्गात, सीमेपलीकडे महाराष्ट्रात. लग्न होऊन आले तेव्हा हे ऐकून मी चाट पडले होते. आमच्याकडे बापाने जमीन विकली की आईला नंतर कळायचं. पण त्याच संहितेत दुसरंही एक कलम आहे. मालमत्तेचा कारभार पाहायचा तो नवऱ्याने. मालकी अर्धी, सही आवश्यक, कारभार त्याचा. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात तीनदा उपनिबंधकाच्या कार्यालयात जाऊन सही केली. एकदा माडांचं भाट विकताना, एकदा वाटणीला, एकदा दिरांनी कर्ज काढलं तेव्हा. मी त्यांना विचारलं होतं, "कागदात काय होतं?" त्या म्हणाल्या, "तें म्हाका कित्याक?" ते मला कशाला हवं. त्या अडाणी नव्हत्या. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या, पोथी वाचायच्या. पण कागद वाचायचा तो पुरुषांनी, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की प्रश्नच त्यांना चमत्कारिक वाटला.

अर्ज भरायच्या दिवशी नवऱ्याने सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि पिशवी स्वतःच्या काखेला मारली. तालुक्याच्या ठिकाणी निवडणूक अधिकाऱ्यापुढे रांग. रांगेत राखीव वॉर्डांतल्या बायका आणि प्रत्येकीच्या शेजारी पिशवीवाला एक पुरुष. माझा नंबर आला. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "यादीतला भाग क्रमांक, अनुक्रमांक?" नवरा सांगायला लागला. त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं, "उमेदवाराने सांगा." मला पाठ होता. आदल्या रात्री मी अर्ज दोनदा वाचला होता, शपथपत्रासकट. मी सांगितलं. बाईंनी मान वर करून पाहिलं आणि थोड्याशा हसल्या. त्यांना कदाचित आठवतही नसेल. मला ते हसू पुढचे कितीतरी दिवस पुरलं.

प्रचार पावसातच झाला. श्रावण लागला होता, पायवाटांना लाल चिखल, छत्री धरून धरून मनगट दुखायचं. पंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, मोकळ्या चिन्हांवर होते, त्यामुळे माणूसच घेऊन फिरावं लागतं. आमच्या वॉर्डात तिघी उभ्या होतो. छापखान्यातून माझ्या पत्रकाचा नमुना आला, त्यात वर हात जोडलेला नवरा, खाली अर्ध्या आकाराची मी. मी नमुना परत पाठवला. नवरा चिडला, म्हणाला, "लोक मला ओळखतात." मी म्हटलं, "मतपत्रिकेवर तुमचं नाव नाही ना?" यावर तो काही बोलला नाही. दुसऱ्या नमुन्यात मी एकटी होते.

प्रचारातली खरी गोष्ट सांगते. नवरा आणि त्याचे मित्र घराच्या पुढच्या दाराने जायचे. सोप्यावर बसायचे, रस्ता, खाण, ट्रक यावर बोलायचे. २०१८ ला खाणी बंद झाल्यापासून आमच्या भागात पुरुषांच्या बोलण्याची सुरुवात आणि शेवट तिथेच होतो. आमचाही खनिज वाहणारा टिप्पर दारात गंजत उभा होता, त्यामुळे ते दुःख मी जाणते. पण मी मागिलदाराने जायचे. तिथे बाई भांडी घासत असायची, नाहीतर चुलीवर काहीतरी चढवलेलं असायचं. तिथे खाणीचं नाव निघायचं नाही. तिथे ऐकलं ते मी एका वहीत लिहिलं. नळाला पाणी पहाटे साडेतीनला येतं आणि पाऊण तासात जातं. बसथांब्यापासून वाड्यापर्यंतच्या वाटेवर तीन खांबांचे दिवे बंद आहेत, कारखान्यातून दुसऱ्या पाळीनंतर परतणाऱ्या मुली मोबाइलच्या उजेडात चालतात. एका विधवा बाईंचे सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे पैसे सात महिन्यांपासून बंद होते, कारण बँकेचं खातं आणि अर्ज यांतल्या नावात एका अक्षराचा फरक होता. सात महिने! आणि आमच्या घरी पंच होता. त्या आल्या नव्हत्या, कारण सोप्यावर नेहमी पुरुष बसलेले असत.

हे ऐकून रात्री मला झोप आली नाही. आरक्षण कशासाठी हवं असं आता कुणी विचारलं, तर मी त्या एका अक्षराबद्दल सांगते.

१० ऑगस्टला मतदान झालं, मतपत्रिकेवर शिक्का मारून, जुन्या पद्धतीने. मधल्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. १२ ला मोजणी झाली आणि मी १९ मतांनी निवडून आले. सासूबाईंनी देवापुढे नारळ ठेवला आणि मला शेजारी बसवून जुनी गोष्ट सांगितली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर १९७३ च्या ऑगस्टमध्ये वारले आणि त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. (सिंह ही त्यांच्या मगो पक्षाची निशाणी.) "सिंहाला मत घालायचो आम्ही. आणि मुख्यमंत्री कोण, तर बाई! सहा वर्षं तिने राज्य चालवलं." त्यांचे डोळे चमकत होते. त्या दिवशी ऑगस्टची १२ तारीख होती, आणि भाऊसाहेब गेले तेही १२ ऑगस्टलाच. सासूबाईंच्या ते लक्षात होतं.

त्यानंतर गोव्याला बाई मुख्यमंत्री मिळाली नाही. पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली. १९८० मध्ये संयोगिता राणे पणजीतून लोकसभेवर गेल्या होत्या. विधानसभेत चाळीस आमदार. २०१२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांत एक बाई आली, २०१७ ला दोन, २०२२ ला तीन. तिघी म्हणजे ताळगावच्या जेनिफर मोन्सेरात, पर्येच्या देविया राणे आणि शिवोलीच्या डिलायला लोबो. तिघींचे पतीही त्याच निवडणुकीत आमदार झाले. यावरून कुणी त्यांना नावं ठेवली की मला ते पटत नाही. मीही नवऱ्याच्याच दारातून आत आले. बाईला राजकारणात यायला गोव्यात आज तरी हेच दार उघडं आहे, एरवी तिकीट कोण देतो, पैसा कोण लावतो? दोष कुठे शोधायचा तर बाकीची दारं बंद का, तिथे शोधावा. आणि आत आल्यावर बाई काय करते त्यावर तिला मोजावं.

मी आत गेले आणि पहिल्याच पाक्षिक बैठकीला मला कळलं की माझी खुर्ची कुठे आहे ते नवऱ्याला माझ्याआधी माहीत आहे. तो माझ्याबरोबर आला, माझ्या मागच्या खुर्चीवर बसला. बाकीच्या दोघी बायकांचेही नवरे आले होते. सचिवांनी काही म्हटलं नाही. विषय निघाला की मागून आवाज यायचा. तीन-चार बैठका असंच चाललं. मग एकदा मी घरीच सांगितलं, "उद्या तुम्ही येऊ नका. मला लाज वाटते." रागाने नाही, खरंच वाटत होती ते सांगितलं. तो आला नाही. पण बाहेर स्कूटरवर बसून राहिला, बैठक संपेपर्यंत.

पुढे कधीतरी वाचलं की केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने २०२३ मध्ये या 'सरपंच-पती' प्रकारावर समितीच नेमली. म्हणजे स्कूटरवर बसलेले नवरे देशभर होते.

बैठकीत मला सगळ्यात जड गेली ती भाषा. बोलणं कोंकणीत, इतिवृत्त मात्र इंग्रजीत. पंचायत संचालनालयाची पत्रंही इंग्रजीत. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या वापरालाही मुभा आहे, पण पंचायतीच्या वहीपर्यंत यांतलं काही पोचलेलं नव्हतं. मागच्या बैठकीचं इतिवृत्त "वाचून कायम केलं" असं लिहून वही फिरवायची आणि सगळ्यांनी सही करायची, ही रीत. मी बारावीपर्यंत शिकले आहे, इंग्रजी सावकाश वाचता येतं. पण वही हातात अर्धा मिनिटही राहायची नाही. शेवटी एका बैठकीत मी वही पुढे दिली नाही. म्हटलं, "सचिवसाहेब, हे मोठ्याने वाचा आणि कोंकणीत सांगा. मग सही करते." एकजण म्हणाला, "बाई, वेळ जातो." मी म्हटलं, "जाऊ दे." सचिवांनी वाचलं. मी दिव्यांचा विषय मांडला होता, तो इतिवृत्तात नव्हताच. त्यांनी बाजूला लिहून घेतला. तीन खांबांवरचे दिवे लागायला त्यानंतर दोन महिने लागले.

गोव्यात सरपंचाला लोक थेट निवडत नाहीत, पंच आपल्यातून निवडतात. माहेरी, महाराष्ट्रात, सरपंच थेट निवडून येतो, आणि बायकांना २०११ पासून निम्म्या जागा आहेत. माझी वहिनी तिथे ग्रामपंचायत सदस्य आहे, ती नेहमी म्हणते, "तुमच्याकडे अजून तिसरा हिस्साच?" हो, तिसराच. आणि तोही पुरा मिळायला भांडावं लागतं. २०२१ मध्ये गोव्यातल्या पाच पालिकांचं आरक्षण उच्च न्यायालयाने रद्द केलं आणि १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. बायकांना एक तृतीयांशाहून कमी प्रभाग दिले, हे त्यातलं एक कारण होतं. भागाकारात पूर्णांकापुढे उरलेला तुकडा सोडून दिला की हिशेबात बाईच कमी होते, हे मला तेव्हा समजलं.

आमच्या पंचायतीत चौघांचा गट होता आणि गटात समजूत होती. पहिलं दीड वर्ष एकाने सरपंच व्हायचं, मग दुसऱ्याने. त्या समजुतीने २०२४ च्या सुरुवातीला माझी पाळी आली. हार घातले, फोटो निघाले. आठवड्याभरात सरपंचाची पहिली फाइल घरी आली.

ती फाइल मला आजही जशीच्या तशी दिसते. जेवणाच्या टेबलावर, मीठाच्या बरणीला टेकवून ठेवलेली. हिरवा पुठ्ठा, पांढरी नाडी. पानांच्या कडेने पिवळ्या चिठ्ठ्या बाहेर आलेल्या आणि प्रत्येक चिठ्ठीच्या पानावर पेन्सिलने एक बारीक फुली. अकरा फुल्या. वर निळं पेन, टोपण काढून ठेवलेलं. गटातल्या कुणीतरी दुपारी आणून नवऱ्याकडे दिली होती. नवरा आतून म्हणाला, "बांधकामाची आहे. सगळं झालेलं आहे, सही मारून ठेव, सकाळी न्यायला येणार."

मी पेनाचं टोपण लावलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा, नगर नियोजन खात्याचा दाखला, आराखडा. आराखड्यावर आमच्या वाड्याखालचा व्हाळ, म्हणजे ओहोळ, एका बारीक रेषेने काढलेला होता. ती रेषा प्लॉटच्या हद्दीपर्यंत येत होती आणि तिथे संपत होती. हद्दीच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा काही नव्हतं. मी बोट ठेवून तीनदा पाहिलं. व्हाळ असा मध्येच संपत नाही. तो खाली शेतात जातो, त्याच्यावर आमच्या बायकांचं वायंगण, पावसाळ्यानंतरचं भात, होतं, आणि त्याच्या काठाने शेतात जायची वाट आहे.

सकाळी फाइल न्यायला माणूस आला तेव्हा मी स्वयंसहाय्य गटातल्या दोघींना घेऊन व्हाळावर गेलेली होते. आखणीचे दगड पुरलेले होते. कुंपणाची भिंत व्हाळावरूनच जाणार होती, वाट भिंतीच्या आत. मोबाइलवर फोटो काढले आणि परत येऊन सांगितलं, "बैठकीत ठेवा. जागेची पाहणी झाल्याशिवाय माझी सही नाही."

नवरा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. वाढलेलं जेवायचा आणि उठायचा. त्याने शब्द दिला होता, त्याचा शब्द मोडला. मला त्याचं वाईट वाटत होतं, रात्री रडलेही. पण त्याने शब्द माझ्या सहीचा दिला होता, आणि ती द्यायचा त्याला अधिकार नव्हता, हे एकदा स्वच्छ दिसल्यावर मला मागे जाता येईना.

पाहणी झाली. मालकाने नवा आराखडा दिला, भिंत मागे घेतली, व्हाळ आणि वाट मोकळी सोडली. तीन महिने लागले. मग परवान्याचा ठराव झाला आणि मी सही केली. बांधकाम मी अडवलं नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण गावात उलटंच पसरवलं गेलं.

त्यानंतर महिनाभरात माझ्यावर अविश्वास ठरावाची नोटीस आली. कारण लिहिलं होतं की सरपंच सदस्यांना विश्वासात घेत नाहीत. नोटिशीवर चार सह्या. चौथी सही वाचून मी खालीच बसले. ती दुसऱ्या राखीव वॉर्डातल्या पंच बाईची होती. प्रचारात तिच्या घरी मी जेवले होते, तिच्या मुलीचा शाळेचा गणवेश मी शिवला होता.

गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून बैठक लागली. हात वर करून मतदान. चार विरुद्ध तीन. तिचा नवरा खिडकीबाहेर उभा होता आणि हात वर करताना तिची नजर टेबलावरून हलली नाही. दोन मिनिटांत मी सरपंच राहिले नाही.

त्याच संध्याकाळी ती आली. मागिलदाराने, पदर डोक्यावर घेऊन, पावसातून. चुलीपाशी उभी राहिली, बसायला सांगितलं तरी बसेना. म्हणाली, "ताई, कागद आणला त्यांनी. म्हणाले सही मार. मी मारली. त्यात तुझं नाव आहे ते मला नंतर कळलं." मग म्हणाली, "मला इंग्रजी वाचता येत नाही. मराठी येतं. मराठीत असता तर वाचला असता."

मी तिच्यावर रागावले होते, दिवसभर मनात तिला बोल लावत होते. ते सगळं तिथेच गळून पडलं. मी तिला कोरडा पंचा दिला, चहा दिला. तिच्यात आणि माझ्यात फरक एवढाच होता की बँकेच्या खेपा घालून मला कागदाची भीती राहिली नव्हती, आणि तिला कुणी बँकेत पाठवलंच नव्हतं.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी माझ्या शिवणाच्या खोलीत आम्ही बसतो. सुरुवातीला दोघी होतो, आता सहा-सात असतो. पंचायतीचे जुने कागद घेऊन बसतो. एक-चौदा कसा वाचायचा, कुळाचं नाव कुठे असतं, घरपट्टीच्या पावतीवर काय बघायचं. जड इंग्रजी शब्दांची एक वही केली आहे, डाव्या बाजूला तो शब्द आमच्या लिपीत, उजवीकडे मराठीत अर्थ: 'रिझॉल्व्हड' म्हणजे ठराव झाला, 'डिफर्ड' म्हणजे पुढे ढकलला, 'नोटेड' म्हणजे ऐकून सोडून दिला. हा तिसरा अर्थ तिचा, मी तसाच ठेवला.

सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने विधानसभा-लोकसभेत एक तृतीयांश जागांचा कायदा केला, तेव्हा वाड्यावर फटाके वाजले होते. चाळिसांत तेरा-चौदा बायका! पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर तो लागू होणार असं त्यातच लिहिलेलं आहे. त्या तेरा-चौदा जणी येतील तेव्हा त्यांच्या टेबलावरही कुणीतरी फुल्या मारलेली फाइल आणून ठेवील. ती उलटून बघायची सवय पंचायतीतच लागायला हवी, म्हणून मला हा शनिवार फार महत्त्वाचा वाटतो.

आमच्या पंचायतीची मुदत २०२७ पर्यंत आहे. आरक्षण फिरतं असतं, पुढच्या वेळी आमचा वॉर्ड कदाचित खुला होईल. सोप्यावर आत्तापासून "मग परत तूच" असं नवऱ्याला सांगणारे येऊ लागले आहेत. परवा मी चहा नेला तेव्हा तो म्हणाला, "तिला विचारा." मी म्हटलं, मी उभी राहणार आहे, वॉर्ड राखीव असो की खुला. त्याने कप घेतला आणि विषय बदलला. नाही म्हणाला नाही. गेल्या महिन्यात टिप्परच्या कर्जाचे कागद आले तेव्हा ते त्याने माझ्या मशीनवर आणून ठेवले आणि म्हणाला, "वाचून बघ, व्याजाचं काहीतरी बदललंय." बदललं होतं खरंच. आम्ही दोघं बँकेत गेलो.

आज रविवार, आज ग्रामसभा आहे. पहाटे साडेतीनच्या पाण्याचा विषय अजून सुटलेला नाही. तो या वेळी मी मांडणार नाही, ती मांडणार आहे, नोटिशीवर चौथी सही करणारी. काल शनिवारी तिने तो उभं राहून चारदा म्हणून दाखवला. तिसऱ्यांदा अडखळली, पाणी प्यायली, पुन्हा सुरुवातीपासून म्हणाली. शेवटी तिने स्वतःहून एक वाक्य घातलं: "आणि मी हे बोलले ते इतिवृत्तात लिहून, मला वाचून दाखवा."